जत्रेतले नाटक आणि घरातला शालू

मराठी नाटकाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नाटककारांची चरित्रे लिहिली, नटांच्या भूमिका नोंदविल्या, मंडळ्या केव्हा निघाल्या नि केव्हा फुटल्या त्यांची सालेही दिली. परंतु जत्रेच्या रात्री देवळापुढील मांडवात उभा राहिलेला दशरथ कोणाच्या घरची शाल पांघरून आला, त्याची दाढी कशाची होती आणि कैकेयीचा शालू दुसऱ्या दिवशी कोणत्या घरी परत गेला, हे मात्र क्वचितच कोणी लिहून ठेवले. आमच्या मते ही उणीव लहान नव्हे.

बेळगावच्या दक्षिणेचे येळ्ळूर घ्या. राजहंसगडाच्या परिसरातील, चांगळेश्वरीचे हे गाव भातशेतीचे. गावातून बेळगावकडे निघाले की वडगाव-शहापूर लागते, आणि तेथे पूर्वापार हातमागांची वस्ती. हे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात मोडत असे. त्याच सांगलीस १८४२ साली कर्की येथील भागवतांचा मेळा खेळ घेऊन आला. तो पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांस तसे नाटक रचावयास सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. म्हणजे ज्याने नाटकास आश्रय दिला, तोच या कापडाच्या पेठेचाही धनी. पुढे याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८६६ साली बेळगावात भारतशास्त्रोत्तेजक मंडळी काढली. पुण्यास त्यांचे ‘शाकुंतल’ झाले ते १८८० साली. तेव्हा या टापूतील खेड्यांना नाटकाचे वेड लागले यात नवल कसले!

वेड होते, पैसा नव्हता. वेष घरातूनच उभा करावयाचा. मुकुटाला बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर जुन्या वह्यांचे पुठ्ठे, वर पिठाची खळ लावून चिकटविलेली बेगड. खळीत चिमूटभर मोरचूद घालावयाचे, नाहीतर रावणाची दहाही तोंडे झुरळे पुढच्या जत्रेपर्यंत खाऊन टाकीत. ऋषींच्या दाढ्या अंबाडीच्या; अंबाडी मुळातच पिवळसर पांढरी, म्हणून वसिष्ठाला ती तशीच चाले, तरुण राक्षसासाठी मात्र काजळीत बुडवावी लागे. मारुतीच्या शेपटीत सुंभाभोवती भाताचे पिंजर गुंडाळून वरून जुन्या लुगड्याची पट्टी शिवीत. शंकराचे व्याघ्रांबर म्हणजे हळदीत रंगविलेले धोतर आणि त्यावर कोळशाचे पट्टे. भस्म तेवढे खरे! तोंडाला सफेदा, हिंगूळ, काजळ. आणि चकाकी हवी असेल तर अभ्रकाची पूड.

या साऱ्यास गरिबाची तडजोड म्हणून हसण्याचे कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाचे विवेचन आहे, त्यात जवळजवळ हीच सामग्री आढळते. कामट्या, कापड, चामडे यांच्या वस्तू कराव्यात. कापडावर बेलाचा लेप देऊन त्यात राख वा भाताचे तूस मिसळून मुखवट्याचे पटल तयार करावे. शस्त्रे लोखंडाची नसावीत, दागिने जड नसावेत, कारण भाराने नट थकतो. लाखेचे अलंकार शास्त्रकारांनी सुचविले ते काटकसरीसाठी नव्हे, तर नाचणाऱ्याच्या देहाचा विचार करून. येळ्ळूरच्या टापूत तुसाला तोटा नाही, ही गोष्ट निराळी.

घाटाखाली कोकणात नि गोमंतकात दशावतारी मंडळींचा वेष पेटाऱ्यात असे आणि त्या पेटाऱ्यात गणपतीचा लाकडी मुखवटाही असे; म्हणून पेटाऱ्याला पूजेचा मान. रात्रीचा राजा सकाळी डोक्यावर ओझे घेऊन पुढच्या जत्रेची वाट धरी, अशी म्हणच तिकडे रूढ आहे. तेथे वेष मंडळीचा, गावोगाव फिरणारा. घाटावरच्या गावकऱ्यांच्या नाटकात मात्र वेष गावाचा, घराघरांत विखुरलेला. जत्रा आली की गोळा व्हावयाचा आणि संपली की पांगावयाचा.

आणि येथेच मुख्य गोष्ट येते. राजाचा शेला सहज मिळे. सीतेचे, द्रौपदीचे लुगडे मागावयास माजघरापर्यंत जावे लागे. बहुतेक घरी जरीकाठाचे लुगडे एकच, लग्नातले. ते काढून द्यावयाचे, मिसरूड फुटू लागलेल्या शेजारच्या पोराने ते नेसावयाचे, त्यावर मशालींच्या ठिणग्या नि राळेचा धूर, आणि ते धडपणे परत येईपर्यंत बाईच्या जिवाला चैन नाही. कित्येकदा नेसवावयाचेही तिनेच, निऱ्या कशा पडतात हे त्या पोराला काय ठाऊक! चोळी बेतावयाची तिने, गंगावन बांधून द्यावयाचे तिने, मण्यांची ठुशी ओवावयाची तिने. कलावंतिणींच्या काही स्त्री-मंडळ्या सोडल्या, तर रंगभूमीवर तिला पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. गावात तर नव्हतीच. नाट्यमन्वंतरच्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी स्त्रीभूमिका केल्या ते साल १९३३. त्यापूर्वी कितीतरी वर्षे त्यांची लुगडी रंगभूमीवर वावरत होती. नाटकाच्या जाहिरातीत देणगीदारांची नावे छापीत. शालू देणारीचे नाव छापल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

शहरी रंगभूमीवर नंतर प्रवाह उलटा झाला. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीने उंची शालू नि पैठण्यांवर अतोनात खर्च केला. मंडळी कर्जात बुडाली, पण बालगंधर्वांची नेसण्याची तऱ्हा पाहून सुशिक्षित घरांतील स्त्रिया तशा नेसू लागल्या. ज्या घरांतून रंगभूमीने वस्त्र उसने घेतले, त्यांनाच ती वस्त्र कसे ल्यावे हे शिकवू लागली!

पुढे वेष भाड्याने मिळू लागले. मखमली अंगरखे, तयार मुकुट, टिकल्यांच्या साड्या, सगळे एका गाठोड्यात येते आणि हिशेब करून परत जाते. सोय झाली हे खरे. कोणाची वस्तू फाटली म्हणून दोन घरांचे बोलणे तुटत नाही, हाही लाभच. मात्र राणी रंगमंचावर आली की मांडवाच्या बायकांच्या बाजूने जी कुजबूज उठे, अमकीचे लुगडे, तमकीची नथ, ती भाड्याच्या वेषाला उठत नाही.

ज्या घरांत अजून एखादी जुनी ट्रंक आहे आणि तीत बेगड उडालेला मुकुट किंवा राळेने काठ होरपळलेले लुगडे आहे, त्यांनी ते कोणत्या नाटकात, कोणत्या जत्रेला गेले, हे घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून एका कागदावर लिहावे आणि तो कागद त्याच ट्रंकेत ठेवावा. नटाचे नाव त्यांना आठवेलच. लुगडे कोणाचे होते, ते आधी लिहावे.