एकच वॉर्ड, तीन सिस्टर, तीन म्हातारपणं

आजचा विषय पेन्शन. पंचविशीत पेन्शनवर कोण बोलतं, असं म्हणून पुढचा एपिसोड लावू नका, कारण हिशोबात आपणही आहोत.

आपल्या पट्ट्यात सरकारी रुग्णालयं आहेत. चाकणचं ग्रामीण रुग्णालय, सांगवीला लागून औंधचं जिल्हा रुग्णालय. अशा कुठल्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात नाइटला तीन सिस्टर आहेत असं धरा. एक जुनी, एक 2005 नंतर लागलेली आणि एक कंत्राटी. सलाईन तिघीही तसंच लावतात, शिव्याही तिघी सारख्याच खातात. म्हातारपण मात्र तिघींचं वेगळं. हे झालं कसं?

आधी 1982 मध्ये जाऊ. केंद्र सरकारनं पेन्शनचं सूत्र सुधारलं होतं, पण फायदा फक्त 31 मार्च 1979 ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना. आदल्या दिवशी निवृत्त झालात? मग जुनंच सूत्र. डी. एस. नाकारा नावाचे निवृत्त अधिकारी सुप्रीम कोर्टात गेले. 17 डिसेंबर 1982 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ही तारखेची भिंत पाडली. पेन्शन म्हणजे सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या कामाचा तो हक्क आहे, असा त्या निकालाचा गाभा. पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव कन्हेरसर, खेड तालुक्यातलं. म्हणजे चाकणचाच तालुका! 17 डिसेंबर आजही पेन्शनर्स डे म्हणून पाळतात.

आता 2005. याच वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि त्या एकत्र कुणी सांगत नाही.

एप्रिलमध्ये केंद्रानं राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केलं, आजचं एनएचएम. त्यातून गावोगाव नर्स आल्या, चांगलंच झालं, पण कंत्राटावर. आणि 1 नोव्हेंबर 2005 पासून महाराष्ट्रानं नव्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन बंद केली. केंद्रानं ती 1 जानेवारी 2004 लाच बंद केली होती, सैन्यदलं सोडून. नाकारा निकालानं पाडलेली भिंत निवृत्तीच्या तारखेची होती. ही नवी भिंत नेमणुकीच्या तारखेची.

फरक किती? आकडे समजण्यापुरते धरतो. जुन्या सिस्टरचं शेवटचं मूळ वेतन 60,000 असेल, तर पूर्ण पेन्शन 30,000, वर महागाईभत्ता, तोही वाढत जाणारा. दुसरीच्या पगारातून दरमहा 10 टक्के कापले जातात, सरकारही आपला वाटा घालतं (आधी 10, नंतर 14 टक्के), आणि सगळे पैसे बाजारात. समजा 50 लाख जमले. त्यातल्या किमान 40 टक्क्यांची, म्हणजे 20 लाखांची, विमा कंपनीकडून पेन्शन घ्यायची. सहा टक्क्यांनी महिन्याला 10,000. उरलेले 30 लाख हातात येतात, हेही खरं. पण ते 10,000 सहसा वाढत नाहीत. भाजी वाढते.

इथं चाकणचा ऑपरेटर विचारेल, 'मग माझं काय?' बरोबर आहे. ईपीएस-95 मध्ये 15,000 च्या कमाल पगारावर 30 वर्षं भरली, तरी पेन्शन सात हजारांच्या आत. किमान पेन्शन 2014 पासून 1,000. म्हणजे तिचे 30,000 भरायला याच्याकडून कर घ्यायचा? हा प्रश्न मला तरी हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. जुन्या पेन्शनला वेगळा गल्ला नसतो. त्या-त्या वर्षीच्या तिजोरीतूनच ती जाते. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर अधिवेशनात देवेंद्र फडणवीसांनी 1 लाख 10 हजार कोटींचा बोजा सांगितला, तो याच अर्थानं.

पण गंमत बघा. 2005 नंतर लागलेल्यांची मोठी फळी अजून निवृत्तच व्हायची आहे. त्यामुळे आज जुनी पेन्शन परत आणली, तर सरकारचा 14 टक्के हप्ता वाचतो आणि बिल येतं पंधरा-वीस वर्षांनी. राजस्थाननं 2022 मध्ये असंच मागे वळून पाहिलं. आमच्या धंद्यात याला टेक डेट म्हणतात. आज रिलीज करा, निस्तरेल पुढची टीम.

मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत राज्यातले कर्मचारी संपावर गेले, 14 ते 20 तारीख. नर्सही होत्या. पेशंटचे हाल झाले, ते झाकायचं कारण नाही. पण त्याच महिन्यात एक निर्णय निघाला: एनपीएसमधल्या कर्मचाऱ्याचा नोकरीत मृत्यू झाला तर घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन. हे इतकं साधं मिळायला 2023 उजाडलं. मध्ये कोविड येऊन गेला होता.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं युनिफाइड पेन्शन आणली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळानं ती स्वीकारली. कर्मचाऱ्याचा हप्ता चालू, पण शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी. मला हा बऱ्यापैकी प्रामाणिक मध्यममार्ग वाटतो. मेख आहे 25 वर्षांच्या अटीत. नर्सची निवृत्ती 58 ला. सरळसेवा भरतीत खुल्या गटाची वयोमर्यादा 38. आधी दहा वर्षं कंत्राटावर काढून 36 व्या वर्षी कायम झालेल्या सिस्टरची नोकरी भरते 22 वर्षं. पेन्शन त्या प्रमाणात कमी. ती पहिली दहा वर्षं, बहुतेक नाइट ड्यूटीची, कुठल्याच रकान्यात नाहीत.

आणि जी कायम झालीच नाही, ती तिसरी सिस्टर? दहा वर्षं झालेल्या एनएचएम कर्मचाऱ्यांना समायोजित करायचा शासन निर्णय 14 मार्च 2024 ला निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट 2025 मध्ये त्यांना पुन्हा संपावर बसावं लागलं.