किनाऱ्यावरच्या गावात कोणत्या तक्रारीसाठी कुठल्या दारी जायचं?

आमच्या आगरात जाणारी जुनी पाखाडी एकाने चिरे टाकून बंद केली. मी सरळ पोलीस ठाण्यात गेलो. तिथे एनसी नोंदवून घेतली, "समजावून सांगतो" म्हणाले. मी चार महिने फेऱ्या मारल्या. शेवटी ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं, "हे काम तहसीलदारांचं. मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत अर्ज करायचा असतो." कागद गोळा करेपर्यंत ते सहा महिनेही उलटून गेले. पाखाडी खरी, वहिवाट खरी, पण दार चुकलं.

असं फक्त माझंच झालेलं नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनारी गावांत कायद्याचं रोजचं काम पोलीस, महसूल, मत्स्यव्यवसाय विभाग आणि ग्रामपंचायत अशा चार-पाच ठिकाणी वाटलेलं आहे. कोणाचं काम कुठलं, हे एकदा नीट समजून घेतलं तर फेऱ्या वाचतात आणि मुदतही हातची जात नाही.

गावातलं पहिलं दार : पोलीस पाटील

पोलीस पाटलाचं पद महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ प्रमाणे आहे. नेमणूक प्रांताधिकारी करतात. पोलीस पाटील हा पोलीस खात्याचा पगारी नोकर नव्हे, त्याला मानधन असतं. गावात संशयास्पद मृत्यू झाला, अनोळखी माणसं येऊन राहिली, दोन गटांत तणाव वाढला, तर ठाण्याला आणि दंडाधिकाऱ्यांना कळवणं हे त्याचं काम. पोलीस येईपर्यंत घटनास्थळ जसंच्या तसं राखणं हेही त्याच्याकडेच.

पोलीस पाटलाला तोंडी सांगितलं म्हणजे तक्रार झाली, असा गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. तो खबर देतो, गुन्हा नोंदवत नाही. नोंद ठाण्यातच होते.

बीट अंमलदार, दूरक्षेत्र आणि ठाणे

प्रत्येक ठाण्याच्या हद्दीतली गावं बीटमध्ये वाटलेली असतात. आपल्या गावाचा बीट अंमलदार कोण आणि त्याचा नंबर काय, हे प्रत्येक घरात माहीत हवं. दूरच्या गावांसाठी दूरक्षेत्र असतं, त्यालाच आपण औटपोस्ट म्हणतो. जिल्ह्यात बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड आणि नाटे ही सागरी पोलीस ठाणी आहेत. ती फक्त समुद्रापुरती आहेत असं समजू नका. त्यांच्या हद्दीतल्या गावांची चोरी, मारामारी, अपघात अशी सगळी कामं तिथेच चालतात.

तातडीच्या वेळी ११२ नंबर फिरवायचा. समुद्रात किंवा किनाऱ्यावर काही संशयास्पद दिसलं तर १०९३, आणि समुद्रात जीव धोक्यात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

एफआयआर आणि एनसी यातला फरक

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. आपल्या कामाच्या गोष्टी अशा :

- गुन्हा दखलपात्र असेल तर कलम १७३ खाली एफआयआर. त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ती मागून घ्या.
- गुन्हा अदखलपात्र असेल तर कलम १७४ खाली नोंद, म्हणजेच एनसी. शिवीगाळ, किरकोळ मारहाण यात बहुतेक वेळा एनसी होते. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस एनसीचा तपास करू शकत नाहीत. "एनसी दिली पण काहीच झालं नाही" याचं कारण बरेचदा हेच असतं.
- चोरीचा माल ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल तर साधी चोरीसुद्धा आता अदखलपात्र आहे. नारळाचे दोन ढीग गेले, पंपाची वायर गेली, जुनं जाळं गेलं, तर किंमत नीट लावून सांगा. खरेदीची पावती असेल तर जोडा. मात्र वाढवून सांगू नका, पुढे तेच अंगाशी येतं.
- घटना दुसऱ्या हद्दीत झाली म्हणून दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद नाकारता येत नाही. शून्य नंबरने नोंदवून योग्य ठाण्याला पाठवायची असते. समुद्रात भांडण एका बंदरासमोर आणि बोट लागते दुसऱ्या तालुक्यात, अशा वेळी हे लक्षात ठेवा.
- मोबाईलवरून किंवा ऑनलाइन फिर्याद दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.
- ठाण्यात फिर्याद घेतली नाही तर तीच लेखी तक्रार टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.
- तपास कुठवर आला हे फिर्यादीला ९० दिवसांच्या आत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

साक्षीदार म्हणून महिलांना, १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६० वर्षांवरच्या पुरुषांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांचा जबाब राहत्या घरी घ्यायचा असतो.

शिमग्याआधी येणाऱ्या नोटिसा

पालखीच्या मानपानावरून वाद असलेल्या गावांत शिमग्याच्या तोंडावर काही जणांना नोटिसा येतात. पूर्वी ही कारवाई १०७ ची म्हणून ओळखली जायची, आता कलम १२६ आहे. पोलीस अहवाल देतात आणि तहसीलदार किंवा प्रांत हे कार्यकारी दंडाधिकारी म्हणून शांतता राखण्याचं बंधपत्र मागतात. ते जास्तीत जास्त एक वर्षाचं असतं.

ही शिक्षा नव्हे. पण नोटीस घरात टाकून मुंबईला निघून जाणं हा शहाणपणा नाही. तारखेला हजर राहा, आपली बाजू लेखी द्या. बंधपत्र देण्याचा आदेश झाल्यावर ते दिलं नाही तर कोठडीत जायची वेळ येऊ शकते.

लाऊडस्पीकरचा नियम वर्षभर तोच : रात्री १० ते सकाळी ६ बंद. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते आणि ते दिवस आधी जाहीर केलेले असतात. त्या यादीत आपला दिवस आहे का, ते मंडळाने आधीच पाहावं.

समुद्रातली तक्रार

किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हे राज्याचं पाणी. तिथली मासेमारी महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ खाली येते. २०२१ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. पूर्वी दंडाची सुनावणी तहसीलदारांपुढे व्हायची, आता ती मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्यांकडे आहे. एलईडी लाईट लावून मासेमारी केली तर दंड ५ लाखांपासून २० लाखांपर्यंत आहे. जानेवारी २०२५ पासून ड्रोननेही पाहणी सुरू झाली.

म्हणून परवाना नसलेला ट्रॉलर, एलईडीवाली नौका, परराज्यातली बोट यांची तक्रार बंदरावरच्या परवाना अधिकाऱ्याकडे करायची. मात्र समुद्रात मारहाण झाली, मुद्दाम जाळी तोडली, बोट अंगावर घातली, तर तो फौजदारी मामला, तो पोलिसांकडे. दोन्ही घडलं असेल तर दोन्हीकडे वेगवेगळे अर्ज द्या. नौकेचा नंबर, वेळ, जीपीएसवरची जागा लिहून ठेवा. शक्य असेल तर फोटो काढा, पण त्यासाठी जीव धोक्यात घालू नका.

पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी बंदी केंद्राच्या आदेशानुसार १ जून ते ३१ जुलै, असे ६१ दिवस ठरलेली आहे. त्या-त्या वर्षीच्या राज्याच्या आदेशातली तारीख पाहूनच बोट काढा. बिगर यांत्रिक पारंपरिक होड्यांना बंदी लागू नसते. यांत्रिक बोट बंदीत गेली आणि बुडाली तर सरकारी मदत मिळत नाही. खलाशाच्या घरच्यांना याचा फटका बसतो, हे नौकामालकांनी विसरू नये.

जमीन, वाळू आणि बांधकाम : महसूलचं दार

तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. २०२४ मध्ये नावं बदलली, कामं तीच.

- हद्दीचा, गडग्याचा वाद : मोजणी भूमी अभिलेख कार्यालय करतं. पोलीस हद्द ठरवत नाहीत, फार तर मोजणीला बंदोबस्त देतात.
- वहिवाटीची वाट अडवली : तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय कायदा १९०६, कलम ५. मुदत सहा महिने. शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३ आहे, त्यात बांधावरून रस्ता मागता येतो.
- चोरटी वाळू : संहितेच्या कलम ४८ खाली तहसीलदार बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत दंड करतात आणि वाहन अडकवून ठेवू शकतात.
- भरतीरेषेजवळचं बांधकाम : सीआरझेडच्या २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण भागाचे दोन गट आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त वस्ती असेल तर ५० मीटर, नाहीतर समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटर विकास निषिद्ध क्षेत्र. आपलं गाव कुठल्या गटात, ते मंजूर नकाशावर पाहूनच ठरवा. जुनं अधिकृत घर आहे तेवढ्याच चौथऱ्यावर दुरुस्त करता येतं किंवा पुन्हा बांधता येतं. "ग्रामपंचायतीची घरपट्टी भरतो" म्हणजे बांधकाम अधिकृत झालं, असं होत नाही. होम स्टेसाठी कर्ज काढण्याआधी एवढं तपासाच.

सार्वजनिक रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर अतिक्रमण असेल तर ग्रामपंचायत कायद्याचं कलम ५३ आहे, तो अर्ज ग्रामपंचायतीकडे. मोकाट गुरांनी नाचणी, भात खाल्लं तर गुरं मारायची नाहीत. १८७१ चा कायदा अजून लागू आहे. शेतकऱ्याने गुरं धरून २४ तासांत कोंडवाड्यात पोचवायची असतात. गावात कोंडवाडाच नसेल तर तो विषय ग्रामसभेत लेखी मांडा.

पर्यटक आणि बुडून मृत्यू

वाळूत गाडी घालणारे पर्यटक आता नेहमीचे झाले आहेत. गाडी रुतली की गावातली माणसं दोर घेऊन धावतात. मदत करा, पण बेदरकार गाडी चालवणं हा गुन्हा आहे, तेव्हा बीट अंमलदारालाही कळवा.

कोणी बुडालं तर पोलीस आधी आकस्मिक मृत्यूची नोंद करतात आणि पंचनामा, शवविच्छेदन होतं. घरच्यांना घाई असते, गावकऱ्यांनाही वाईट वाटतं. पण हे टाळू नका. विमा, सरकारी मदत, वारस नोंद, सगळीकडे पुढे हेच कागद मागतात.

नेहमीची तपासणी कशाला?

बंदरावर टोकन बघतात, नौकेचे कागद मागतात, नाक्यावर डिकी उघडायला लावतात. वैताग येतो, खरं आहे. पण १९९३ साली दिघी आणि शेखाडीला स्फोटकं उतरली तेव्हा ती आपल्यासारख्याच गावांतून गेली. वाटेत पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या, पैसे घेऊन सोडल्या. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. पुढे त्या खटल्यात पोलीस आणि कस्टमच्या माणसांनाही शिक्षा झाल्या. २००८ मध्ये अतिरेकी कफ परेडच्या मच्छीमार वस्तीत उतरले, तेव्हा त्यांना पहिला प्रश्न तिथल्याच माणसांनी विचारला होता. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला लागलेल्या बोटीत तीन एके-४७ मिळाल्या. घातपाताचा संबंध निघाला नाही, पण बोट किनाऱ्याला लागेपर्यंत आत काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे नोंद करणारा जागा हवा आणि कळवणाराही. तपासणीला आला म्हणून कोणी पैसे मागत असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

अर्ज करताना एवढं पाळा

१. तक्रार लेखी द्या. तारीख, वेळ, ठिकाण, नावं स्पष्ट लिहा.
२. दोन प्रती न्या. एकीवर पोच, शिक्का आणि सही घ्या.
३. एनसीचा किंवा एफआयआरचा नंबर मोबाईलमध्ये ठेवा.
४. "हे आमचं काम नाही" म्हटलं तर कोणाचं आहे, ते तिथेच विचारा.
५. मुदत किती, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

पाचवा मुद्दा मी विचारला नव्हता. आता कलम १४३ खाली अर्ज केला आहे आणि तारखा पडतायत. तोवर सुपारीच्या गोणी शेजारच्या वाडीतून वळसा घालून डोक्यावरून आणतो आहोत.