व्हर्च्युअल मशीनला हार्ड डिस्क जोडली, तरी ती दिसत का नाही? जाणून घ्या सोप्या भाषेत

नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्यातल्या शेतकऱ्याला सातबारा हवा असेल, तर आता प्रत्येक वेळी तलाठी कार्यालय गाठावे लागत नाही. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की उतारा स्क्रीनवर येतो.

ही माहिती मोबाइलमध्ये नसते. ती डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर असते. ऑनलाइन सेवांमागचे असे सर्व्हर आज बऱ्याचदा व्हर्च्युअल मशीन असतात आणि त्यांची माहिती व्हर्च्युअल हार्ड डिस्कवर साठवलेली असते. सरकारी खात्यांना अशी सोय मिळावी म्हणून एनआयसीने २०१४ मध्ये ‘मेघराज’ उपक्रमाखाली राष्ट्रीय क्लाउड सुरू केले. पण ही डिस्क मशीनला जोडतात कशी?

व्हर्च्युअल हार्ड डिस्क म्हणजे काय?

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला दुसरा कॉम्प्युटर. त्याची हार्ड डिस्कही खरी नसते. आपल्या लॅपटॉपवर ती एक मोठी फाइल असते. मशीनला मात्र ती खरी डिस्कच वाटते.

कुहीहून नागपूरला शिकायला आलेला विद्यार्थी खोली बदलतो, पण आपली पेटी सोबत नेतो. इथे मशीन म्हणजे खोली आणि डिस्क म्हणजे पेटी. मशीन बिघडले तरी डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडता येते. म्हणूनच ऑपरेटिंग सिस्टिम एका डिस्कवर आणि कामाची माहिती दुसऱ्या डिस्कवर ठेवतात.

फाइलचे प्रकार कोणते?

व्हर्च्युअलबॉक्सची व्हीडीआय, व्हीएमवेअरची व्हीएमडीके आणि मायक्रोसॉफ्टची व्हीएचडी हे नेहमीचे प्रकार. व्हीएचडीची मर्यादा साधारण २ टीबी होती. २०१२ च्या विंडोज सर्व्हरसोबत आलेल्या व्हीएचडीएक्समध्ये ती ६४ टीबी झाली.

डिस्क तयार करताना आणखी एक निवड करावी लागते. ‘फिक्स्ड’ डिस्क सांगितलेली सगळी जागा लगेच अडवते. ‘डायनॅमिक’ डिस्क लहान सुरू होते आणि माहिती भरेल तशी वाढते. इथेच अनेक जण फसतात. लॅपटॉपमध्ये ४० जीबी जागा उरलेली असताना १०० जीबीची डायनॅमिक डिस्क सहज तयार होते, पण ती वाढत जाऊन खरी जागा संपली की मशीन अडकते.

जोडायची कशी?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये आधी मशीन पूर्ण बंद करावे. मग सेटिंग्जमधील ‘स्टोरेज’मध्ये जाऊन साटा कंट्रोलर निवडावा आणि हार्ड डिस्क जोडण्याच्या खुणेवर क्लिक करावे. तिथे नवी डिस्क तयार करता येते किंवा आधीची फाइल निवडता येते.

हायपर-व्हीमध्ये मशीनच्या सेटिंग्जमध्ये स्कझी कंट्रोलर निवडून ‘हार्ड ड्राइव्ह’ जोडतात. स्कझीवर डिस्क चालू मशीनलाही जोडता येते. आयडीई कंट्रोलरसाठी मात्र मशीन बंद करावेच लागते.

जोडली, तरी दिसत का नाही?

कारण जोडणे आणि वापरायला तयार करणे ही दोन वेगळी कामे आहेत. नवी डिस्क कोरी असते. विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून ती आधी इनिशियलाइझ करावी लागते. तेव्हा जीपीटी किंवा एमबीआर असा पर्याय येतो. २ टीबीपेक्षा मोठ्या डिस्कला जीपीटीच लागते. त्यानंतर ‘न्यू सिंपल व्हॉल्यूम’ निवडून फॉरमॅट केले की नवा ड्राइव्ह दिसू लागतो.

लिनक्समध्ये पार्टिशन, फॉरमॅट आणि माउंट अशा तीन पायऱ्या असतात. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर डिस्क आपोआप माउंट व्हावी, यासाठी एफएसटॅब फाइलमध्ये तिची नोंद करतात. ही नोंद यूयूआयडीने करावी. एसडीबी, एसडीसी अशी नावे पुढच्या वेळी बदलू शकतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक

जुनी, माहिती असलेली डिस्क जोडल्यावर फॉरमॅट करायची नसते. लिनक्सची डिस्क विंडोजला जोडली, तर विंडोजला ती वाचता येत नाही आणि ‘ही डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश येऊ शकतो. डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ नाही. तिथे ‘कॅन्सल’ दाबावे. डिस्क ‘ऑफलाइन’ दिसत असेल, तर राइट क्लिक करून ती ‘ऑनलाइन’ करणे एवढेच बहुतेक वेळा पुरेसे असते.

तसेच साधी डिस्क एकाच वेळी दोन चालू मशीनना जोडू नये. दोघांनी एकदम लिहायला सुरुवात केली की फाइल सिस्टिम बिघडते.

क्लाउडवर काय वेगळे?

मायक्रोसॉफ्ट ॲझ्युअरचे ‘सेंट्रल इंडिया’ केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे, तर ॲमेझॉनचे एडब्ल्यूएस केंद्र मुंबईत २०१६ मध्ये सुरू झाले. तिथे डिस्क जोडायला दोन-चार क्लिक पुरतात, पण तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. जागा जुळली पाहिजे. एडब्ल्यूएसमध्ये डिस्क आणि मशीन एकाच झोनमध्ये असावे लागते. दुसऱ्या झोनमध्ये न्यायचे तर स्नॅपशॉट घेऊन त्यातून नवी डिस्क तयार करावी लागते.

२. मशीन बंद केले तरी डिस्कचे भाडे सुरूच राहते. मशीन डिलीट केल्यावरही वेगळी जोडलेली डिस्क मागे उरू शकते आणि तिचे बिल येत राहते.

३. ॲझ्युअरच्या काही मशीनसोबत मिळणारी तात्पुरती डिस्क कायमच्या साठवणुकीसाठी नसते. मशीन दुसऱ्या सर्व्हरवर हलले की तिच्यावरची माहिती जाते.

काढताना काय काळजी घ्यावी?

आधी विंडोजमध्ये डिस्क ऑफलाइन किंवा लिनक्समध्ये अनमाउंट करावी, मगच ती मशीनपासून वेगळी करावी. नुसती वेगळी केल्याने आतली माहिती पुसली जात नाही. फाइल पेनड्राइव्हवर न्यायची असेल, तर पेनड्राइव्ह फॅट३२ प्रकारचा नाही ना, हे पाहावे. त्यावर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, एक्सफॅट किंवा एनटीएफएसवर बसते. आणि अख्खी डिस्क एका फाइलमध्ये असल्यामुळे तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली बरी.