परसातली विहीर बुजवायची की ठेवायची

आमचं गाव बेला मंडलात, पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र. घरामागे अर्ध्या एकराचं परस आहे, कागदावर वीस गुंठे. कागदांचा गठ्ठा सोडला की वर तेलुगू, खाली उर्दू, आणि तो सोडणारे आम्ही मराठीत भांडणारे! सहा वर्षांपूर्वीचं भांडण याच परसातल्या विहिरीवरून झालं.

विहीर पणजोबांनी निजामाच्या काळात खोदली. दगडी बांधकाम, त्यावर चामड्याची मोट, आणि बैलांसाठी उतरती धाव. मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं, तिथून पाटाने वांगी, मिरची, कांदा, केळी. आजी तिथेच अंबाडी लावायची. शेजारच्या तेलुगू घरात तिला पुंटिकूर म्हणतात. आमची अंबाडीची भाजी भाकरीबरोबर, त्यांची भाताबरोबर, पण वाफा एकच. शेवग्यावरून मात्र कधी दोन नावं झाली नाहीत. आम्ही मुनगा म्हणतो, ते मुनग म्हणतात. पुण्याचे पाहुणे आले की तेवढे "शेवगा, शेवगा" करतात.

आजीचं माहेर किनवटकडचं. तेव्हा किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. आपला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, किनवट आणि राजुरा तेवढे पलीकडे मुंबई राज्यात. आजी म्हणायची, "मी माहेर सोडलं एकदा, माहेरानं मला सोडलं दुसऱ्यांदा." त्यानंतरच्या पावसाळ्यात ती माहेराहून आंब्याची तीन रोपं घेऊन रेल्वेने आदिलाबादला उतरली आणि तिथून बैलगाडीने घरी आली. त्यातला एक आंबा विहिरीच्या पूर्वेला अजून उभा आहे. फळ आंबट, लोणच्याचं. पण घरात त्याला सगळे "किनवट" म्हणतात. "किनवटखाली खाट टाक," असं.

मोट गेली, ऑइल इंजिन आलं, मग विजेची मोटार. पुढे बोअर मारला आणि विहिरीकडे कोणी पाहीनासं झालं. फुटक्या कुंड्या, निर्माल्य, मेलेल्या झाडाच्या फांद्या, सगळं तिच्यात.

खरा घोटाळा मी केला. १९९६ मध्ये माझ्या लग्नाआधी मी अर्ध्या अंगणात सिमेंट ओतलं. मांडवाला चिखल नको म्हणून. धुण्याचं पाणी केळींना जायचं ते गल्लीत वाहू लागलं. केळी दोन उन्हाळ्यांत गेल्या, डास आले, शेजारच्या काकू बोलेनाशा झाल्या. आई एवढंच म्हणाली, "घर स्वच्छ झालं बाबा, परस मेलं."

बोअरही दमला. २०१८ पासून तेलंगणात शेतीला चोवीस तास मोफत वीज मिळू लागली. शेतकऱ्याला त्याचा आधार झाला, नाही म्हणत नाही, रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणं सुटलं. पण आमच्या आजूबाजूच्या मोटारी मग बंदच होईनात. पुढच्याच मे महिन्यात आमच्या बोअरला हवा येऊ लागली.

तेव्हा वाटणीची गोष्ट निघाली. चुलत भावाचं म्हणणं, विहीर बुजवू, सरळ दोन तुकडे पडतील, पोरांना घरं बांधता येतील. चुकीचं नव्हतं ते. दहा-दहा गुंठ्यांत मधोमध विहीर आणि धाव म्हणजे जागा वायाच. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. आई खाटेवरून उठली आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली. जेवायलाही आली नाही. बहात्तर वर्षांची बाई! शेवटी भाऊच म्हणाला, "काकू, एक पावसाळा बघू."

त्या एका पावसाळ्यासाठी काय केलं ते सांगतो, कोणाला उपयोग होईल. आधी गाळ काढला, चार माणसं, नऊ दिवस. तळाशी मोटेच्या तोंडाचं लोखंडी कडं सापडलं. मग छताचं पाणी पन्हाळीने एका ड्रममध्ये आणलं. खाली गोटे, मध्ये खडी, वर जाड वाळू. पाइप विहिरीत खोलवर सोडला, कारण वरून धार पडली की दगडांमधली माती सुटते. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडायचं, छतावरची घाण नको. हिशोब सोपा आहे: हजार चौरस फूट छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ९३ लिटर पाणी. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तेव्हा थोडं वाया गेलं तरी ऐंशी हजार लिटर कुठे गेले नाहीत. सिमेंटही फोडलं, मीच, पहारीने. तिथे शोषखड्डा केला आणि कडेने पुन्हा केळी लावल्या.

पुढच्या एप्रिलमध्ये विहिरीत पुरुषभर पाणी होतं. बोअर मात्र अजून थांबत थांबतच चालतो, खोटं कशाला सांगू.

आई गेल्या वर्षी गेली. भावाने वाटणीचा विषय पुन्हा काढला आहे. मोजणीच्या रेघेत "किनवट" त्याच्याकडे जातो आणि विहीर अर्धी-अर्धी. पाणी दोघांनी घ्यायचं असं तोंडी ठरलंय. कागदावर यायचं आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी सामाईक विहिरीचा असा कागद झाला असेल, तर त्यात काय लिहिलं ते जरूर कळवा.