विस्मृतीत गेलेल्या तबकड्या

मुंबईच्या काही पोरांनी पन्नास वर्षांपूर्वी गिटारी वाजवून इंग्रजी गाणी म्हटली, त्याचा इतिहास निलंग्याच्या व्याख्यानमालेत कशासाठी? ही शंका रास्त आहे. इतिहास म्हटला की आम्हांला शिलालेख, ताम्रपट, बखरी आणि फार तर खरोशाची लेणी आठवतात. परंतु ज्या काळाने ध्वनी साठविण्याची विद्या हस्तगत केली, त्याची कागदपत्रे तबकडीच्या खोबणीतही असतात. ती ताम्रपटापेक्षा लवकर नाहीशी होतात, कारण त्यांना कोणी कागदपत्र समजतच नाही.

प्रथम दोनतीन शब्दांचा उलगडा केला पाहिजे. विजेवर चालणारी गिटार आणि ड्रम यांच्या जोरावर उभे राहिलेले पाश्चात्त्य तरुणांचे संगीत म्हणजे रॉक. 1965 नंतर त्यात एक स्वप्नाळू शाखा निघाली. यंत्रांनी सूर घुमवायचा, ताणायचा, मध्येच आमच्या सतारीचा झंकार मिसळायचा. याला सायकेडेलिक म्हणतात. पुढे 1976 च्या सुमारास लंडन-न्यूयॉर्कला पंक आले. त्याचा बाणा असा की, तीन सूरमेळ येत असले तरी पुरे, मोठ्या कंपनीची वाट पाहू नका, तबकडी स्वतःच काढा.

हे वारे मुंबईस पोचले ते सिगारेटच्या धुरातून. सिमला नावाच्या सिगारेटच्या कंपनीने सिमला बीट ही वाद्यवृंदांची स्पर्धा भरविली. तीत मुंबई, कलकत्ता, मद्रास येथपासून शिलाँगपर्यंतची मुले उतरली. 1970 आणि 1971 या दोन वर्षांच्या स्पर्धांच्या दोन तबकड्या निघाल्या. मालाची जाहिरात हाच कंपनीचा हेतू होता. पण राजाने स्वतःच्या कीर्तीसाठी कोरविलेला लेख शेवटी इतिहासाच्याच कामी येतो, तसे येथे झाले. त्या पिढीचा आवाज मुख्यतः या दोन तबकड्यांनी राखला. त्या वेळी निलंगा उस्मानाबाद जिल्ह्यात होते आणि तबकडी वाजविण्याचे यंत्र घरी असणे ही श्रीमंती होती, हेही ध्यानात ठेवावे.

आता मराठी माणसाने कान टवकारावे अशी गोष्ट. 1974 साली अलेक पदमसी यांनी मुंबईत जीझस ख्राइस्ट सुपरस्टार हे रॉक संगीतक इंग्रजीत उभे केले. त्यात ख्रिस्ताचे काम मधुकर चंद्र धस यांनी केले, आणि त्याला दगा देणाऱ्या जुडासचे नंदू भेंडे यांनी. नंदू म्हणजे आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव. मराठी रंगभूमी त्यांच्या घरातच होती. वेल्व्हेट फॉग, सॅव्हेजेस अशा वाद्यवृंदांतून ते गात असत. चारच वर्षांनी, 1978 साली, पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने पु. ल. देशपांडे यांचे तीन पैशाचा तमाशा जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले, तेव्हा भास्कर चंदावरकर आणि आनंद मोडक यांच्याबरोबर संगीतात भेंड्यांचाही हात होता. ब्रेख्तचे जर्मन नाटक, तमाशाचा बाज आणि कुलाब्याच्या रात्रीतून आलेला रॉकचा ठेका असा हा त्रिवेणी संगम! 2014 साली भेंडे वारले.

धस यांचा वाद्यवृंद अॅटॉमिक फॉरेस्ट. त्याची ऑब्सेशन 77 ही तबकडी, नावात 77 असली तरी, बाजारात आली 1981 साली. तोवर लोकांची आवड डिस्कोकडे वळली होती. तबकडी पडून राहिली. पुढे लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन या कंपनीने 2011 साली हे ध्वनिमुद्रण पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा जगभरचे रसिक विचारू लागले, हे कोण? आमच्याकडे मात्र हा प्रश्न तीस वर्षे कोणी विचारला नव्हता.

असे का व्हावे? चित्रपटगीतापुढे दुसऱ्या गाण्याला बाजार नव्हता, हे एक कारण. ध्वनिफीत आल्यावर तबकड्या जुन्या बाजारात गेल्या, हे दुसरे. पण आमच्या मते खरे कारण निराळे आहे. गाणे इंग्रजी म्हणून मराठी समीक्षकाने ते हाती घेतले नाही, आणि गाणारा हिंदी म्हणून इंग्रजांच्या बाजाराने घेतले नाही. घरचे ना घाटचे! नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांस आम्ही इतकेच विचारतो की, अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पारशी मंडळींचे नाटक पाहून संगीत शाकुंतल रचले, ती नक्कल होती काय? या वृंदांची पुष्कळ गाणी उसनीच होती आणि काही अगदीच पोरकट, हे आम्ही नाकारीत नाही. तपासावयाचे ते उसने कोठे संपते हे. आणि त्यासाठी तबकडी हाती असावी लागते.

गंमत पाहा. 1972 साली लेड झेपेलिन या विलायती मंडळींपैकी दोघांनी मुंबईत येऊन येथील वादकांना घेऊन दोन गाणी मुद्रित केली. ती 2015 साली अधिकृतपणे प्रसिद्ध झाली, कारण त्यांच्या फिती कोणीतरी जपल्या होत्या.

पंकचा बाणा आमच्याकडे खरा दिसला तो गोव्यात. रेमो फर्नांडिस यांनी 1984 साली शिवोली येथील आपल्या घरी, चार पट्ट्यांच्या लहान ध्वनिमुद्रकावर, वाद्ये स्वतःच वाजवून गोअन क्रेझी ही ध्वनिफीत तयार केली. वेष्टन स्वतः काढले आणि स्कूटरवरून दुकानोदुकानी स्वतःच पोचविली. त्यांचे संगीत पंक नव्हे, पण रीत तीच. आणि बोलणे गोव्याचे, चेष्टा गोव्याची असल्याने गोव्याने ती उचलली.

मुंबईत 1990 साली सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या मंडळाने जुन्या तबकड्यांच्या नोंदीचे काम चिकाटीने केले आहे. ते प्रत्येक घरी होण्यासारखे आहे. माळ्यावर तबकडी सापडली, तर लेबलाजवळच्या कोऱ्या कड्यात बारीक कोरलेला आकडा आधी उतरून घ्यावा. वेष्टन हरवले तरी त्यावरून तबकडीची ओळख पटू शकते. तबकड्या एकावर एक रचू नयेत, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात. आणि पत्र्याच्या खोलीत मुळीच नकोत. आपल्याकडच्या वैशाखात त्या एका दुपारीत वाकतात.