वंशावळीतून कथेकडे : ‘क्रिस्तपुराणा’चा मार्ग

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभ मराठी वाचकाच्या धीराची परीक्षा पाहणारा आहे. पहिली सतरा वचने म्हणजे वंशावळ : अब्राहामापासून दावीदापर्यंत, तेथून बाबेलच्या बंदिवासापर्यंत आणि पुढे ख्रिस्तापर्यंत चौदा-चौदा पिढ्या. यहुदी श्रोत्याला प्रत्येक नावामागची कथा ठाऊक होती. परक्या परंपरेतील वाचकासाठी ती नावे मुकी राहतात. विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूरला हे शुभवर्तमान मराठीत छापले. अनुवादकाला ही वंशावळ आहे तशीच देणे भाग असते.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी सुमारे दोन शतके आधी वेगळा मार्ग पत्करला होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. त्याच्या १०,९६२ ओव्यांपैकी ४,१८१ ओव्या ‘पहिल्या पुराणा’च्या आहेत. मत्तय ज्यांची नुसती नावे घेतो, त्या पूर्वजांचा इतिहास तेथे येतो; ख्रिस्तजन्म येतो तो ‘दुसऱ्या पुराणा’त. हा क्रम मराठी श्रोत्याच्या ओळखीचा होता. भागवतातही कृष्णजन्मासाठी दशम स्कंधापर्यंत थांबावे लागते.

या रचनेमागील गरज केवळ वाङ्मयीन नव्हती. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती, जुनी पुराणे निषिद्ध ठरली होती. ग्रंथारंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना विचारतो, की जुनी पुराणे तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी दुसरे काही का देत नाही? पोकळी निर्माण करणारी सत्ता आणि ती भरून काढणारा कवी एकाच व्यवस्थेचे घटक होते. हे विसरून स्टीफन्स यांच्या मराठीप्रेमाचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात एका बालकाच्या जन्माने भयभीत झालेला हेरोद राजा बालहत्या करवितो आणि योसेफ रातोरात मायलेकरांना मिसर देशी नेतो. ज्यांच्या घरातून दशम स्कंध हिरावला गेला होता, त्यांनी ही कथा ओवीतून ऐकली, तेव्हा कंस आणि गोकुळ यांचे स्मरण पुसले गेले असेल, की नव्याने जागे झाले असेल? दुसरी शक्यता मला अधिक खरी वाटते. श्रद्धा बदलली तरी ओवीला सरावलेला कान बदलत नाही.

१६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेवरच बंदी घातली. ‘क्रिस्तपुराणा’च्या आरंभीच्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांतून. त्यांच्या आधारे १९०७ मध्ये मंगळुरूला जोसेफ सालढाणा यांनी रोमन लिपीतील, तर १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरी आवृत्ती सिद्ध केली. २००९ मध्ये फादर नेल्सन फलकाव यांची आवृत्ती बेंगळुरूहून निघाली. मत्तयाची ती सतरा वचने ज्याला मुकी वाटतात, त्या मराठी वाचकाने ‘पहिल्या पुराणा’च्या वाटेने त्यांच्याकडे पुन्हा जावे.