देवीच्या लशीचा प्रवास

बर्फाच्या पेट्या नव्हत्या तेव्हां देवीच्या लशीचें खात्रीचें कोठार एकच होतें: माणसाचा दंड. युरोपांतून दोऱ्यांवर वाळवून धाडलेली लस मुंबईस पोंचेपर्यंत उन्हानें निर्जीव होई. अखेर व्हिएन्नाचे डॉक्टर द कारो यांनीं पाठविलेली लस बगदादेस टिकली. तेथून एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर टोचीत ती बसऱ्यास नेली व पुढें जहाजानें मुंबईस आणली. १४ जून १८०२ रोजीं ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचली आणि लागली. फोड आठव्या दिवसाच्या सुमारास पिकतो. तेव्हांच त्यांतील लस घेतली नसती, तर इतक्या दुरून केलेली सारी खटपट फुकट जाती. ॲनाच्या दंडावरील लस आणखी पांच मुलांस टोचली. (पोरीचा दंड दुखला असेलच.) मग तेथून पुणें, सुरत, हैदराबाद, मद्रास येथें पुरवठा सुरू झाला.